जाडीला काय होणार!

आमच्या बालरुग्ण वॉर्डात किस्से जमवावे लागत नाहीत. पाऊस सरून थंडी लागली की ते जिवतीच्या डोंगरातून आपोआप उतरतात. नंतर सांगताना आम्ही सिस्टर लोक हसतो. घडताना मात्र माझ्या तोंडचं पाणी पळालेलं असतं. यंदाचे सगळे एकाच घरचे: जुळ्या तान्ह्या मुली जाडी आणि बारकी, त्यांचे आईबाप आणि आजी कमळाबाई.

*

कमळाबाईंनी दाखवायला आणली होती बारकी. सर्दी, खोकला, दूध ओढेना. जाडी आली ती घरी ठेवायची कोणाजवळ म्हणून! डॉक्टरांनी सहज तिचं झबलं वर केलं, तर प्रत्येक श्वासाला फासळ्यांखाली खड्डा पडत होता. मी तिला उचलून पळाले. मागून कमळाबाई ओरडत होत्या, "वो बाई, थे नाई, हे बिमार हाय!"

*

ऑक्सिजनची नळी लावली आणि बाप, सुधाकर, गुपचूप बाहेर गेला. कोरोनात त्याच्या काकाला ऑक्सिजन लावला होता, तो परत आला नाही. म्हणून त्यानं सरळ गावी फोन केला. दुपारी दारात नातेवाईक हजर, बायांचे पदर डोळ्यांना! जाडी तेव्हा नाकातली नळी उपटायच्या खटपटीत होती.

डॉक्टर भडकले. मला भडकता आलं नाही. नळी जरा सरकली तरी पोरीचे ओठ निळे पडत होते.

*

मग सुधाकरनं ताकदीचं इंजेक्शन मागितलं. डॉक्टरांनी त्याला बसवून समजावलं. विषाणू दोघींच्या छातीत एकच शिरलाय. पण जाडीचं शरीर त्याच्याशी लढताना फार चवताळलंय, आणि त्या लढाईनंच तिच्या बारीक श्वासनळ्या सुजून बुजत चालल्यात. श्वासाला आधार द्यायचा नि सूज उतरायची वाट पाहायची, बस्स.

सुधाकरनं पोरीकडे पाहिलं. "म्हणजे आमची पोरगी सोताच सोताले मारून राह्यली का?"

त्या दिवशी मला डबा गेला नाही.

*

वॉर्डात पोरं रडत असली की आम्ही निवांत असतो. एखादं गप झालं की धावतो. हे कमळाबाईंना कोण सांगणार? एका सकाळी जाडीची घरघर थांबली. आजी खूश! पोरीला झोप लागली म्हणून साऱ्या वॉर्डाला बोटानं गप करत होत्या. मी वाकून पाहिलं, तर छाती हलत नव्हती.

डॉक्टर तोंडावर मास्क धरून श्वास देणारा फुगा दाबत होते. मी दातांनी चिकटपट्टी फाडत होते. बारकीला छातीशी धरून आई भिंतीकडे तोंड करून उभी होती. शेवटी जाडी रडली, मांजराच्या पिलाएवढं. कमळाबाई साऱ्या वॉर्डाला ओरडून सांगू लागल्या, "रडली वो, रडली!"

पुढे सूज उतरली, नळी निघाली. घरी जायच्या दिवशी जाडी पोटभर दूध पिऊन आजीच्या खांद्यावर गाढ झोपली. न्या आता, म्हटलं.

कमळाबाईंनी पोरगी परत माझ्या हातात दिली.

"एकडाव रडवून दाखवा बाई, मंग नेतो."