तोफेच्या मागचा माणूस

गल्लीत तिला तोफ म्हणत. तोंडावर नाही, अर्थात. तेवढी छाती कुणाची होती? ती सकाळी लाँड्रीच्या काउंटरवर उभी राहिली की समोरचा चावीवालासुद्धा आपलं स्टूल जरा आत ओढून घ्यायचा. शर्टावरचा डाग आधीपासून होता की धुताना पडला, या वादात तिला हरवणारं गिऱ्हाईक अजून जन्माला यायचं होतं. चुकून कुणापुढे माघार घ्यावी लागलीच, तर वड्याचं तेल वांग्यावर निघायचं. वांगं म्हणजे तिचा नवरा. तो तिच्या पाठीमागे टेबलावर इस्त्री करायचा. ती मान न वळवता, रस्त्याकडे बघतच ओरडायची, "अहो, कॉलर बघा ती! हात आहेत का खुंट्या?" मागून उत्तर यायचं नाही. तिला वाटायचं, बरं आहे, माणूस शांत मिळाला.

अशा घरातली एकुलती एक मुलगी शाळा संपल्यावर म्हणाली, मला सिनेमा शिकायचाय. आता तोफ पोरीवर धडाडणार, म्हणून सगळे कान टवकारून बसले. पण तोफेनं तोंड भलतीकडेच वळवलं. नणंद म्हणाली, "वहिनी, हे काय शिक्षण झालं?" त्यावर ही म्हणाली, "तुमचा लेक इंजिनिअर झाला, आणि घरातला पंखा शेजारी येऊन दुरुस्त करतो. ते झालं ना शिक्षण?" नणंद चहा अर्धा टाकून गेली.

तिचं म्हणणं साधं होतं. तिला स्वतःला कोवळ्या वयात या काउंटरमागे उभं केलं, तेव्हा तुला काय करायचंय असं कुणी विचारलं नव्हतं. पोरीनं जन्मभर दुसऱ्यांचे मळके कपडे उलगडायचे नाहीत, एवढं तिनं मनाशी पक्कं केलं होतं. मग पोर सिनेमा शिको नाहीतर विमान उडवो.

सिनेमा शिकवणाऱ्या संस्थेत जागा मूठभर आणि अर्ज ढिगानं. आधी लेखी परीक्षा, मग स्वतः बनवलेली छोटी फिल्म, मग मुलाखत. ही सगळी माहिती तिनं संस्थेतल्या कारकुनाचं फोनवर डोकं खाऊन काढली. शेवटी शेवटी तो तिचा नुसता "हॅलो" ऐकून म्हणायचा, "बाई, अजून तारीख लागली नाही."

प्रवेशाची तयारी करून घेणारा एक क्लासवालाही गाठला. गुळगुळीत माणूस. मुलीची मुलाखत घेतल्यासारखं करून तो म्हणाला, "काकू, हुशार आहे, पण हिच्या आयुष्यात दुःखच नाही. समितीला दुःख लागतं. वडील दारू पितात असं लिहिलं तर?"

"दुःख पाहिजे?" ती उठली. "थांब, तुला देते."

क्लास तिथेच संपला. लेखी परीक्षा पोरीनं आपल्या बळावर काढली आणि फिल्मही एकटीनंच केली, फोन कपड्यांच्या गठ्ठ्यांवर टेकवून.

"कशावर आहे?" आईनं विचारलं.

"बाबांवर. बाबा इस्त्री करतात, त्यावर."

"आणि मी?"

"तू दिसत नाहीस त्यात."

तिच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. दुकान चालवायचं हिनं, आणि पडद्यावर तो खुंटीवरचा शर्ट! पण प्रवेशाचा प्रश्न होता.

मुलाखतीच्या दिवशी ती मुलीबरोबर गेली. नवरा दुकानात थांबला. लांबलचक व्हरांड्यात आईबाप ओळीनं बसले होते आणि एकमेकांच्या पोरांकडे अशा नजरेनं बघत होते की, देवा, या सगळ्यांना ताप येऊ दे. एक बाप मुलाला पढवत होता, "लहानपणापासून ध्यास आहे म्हण. ध्यास! नुसतं आवड नको." एक आई आपल्या मुलीच्या बक्षिसांची फाइल मांडीवर उघडून बसली होती, शेजारच्यांना नीट दिसेल अशी. तोफेला एकही माणूस आवडला नाही. पोर आत गेली, आणि थोड्याच वेळात तो ध्यासवाला बाप दारावरच्या शिपायाशी कुजबुजून आपल्या मुलाचा नंबर पुढे घ्यायला लागला. मग काय, ही उभी राहिली.

"ओ ध्यास! रांग दिसत नाही का? आणि काय हो तुम्ही, दारावर कशाला बसवलंय तुम्हाला, झोपायला?"

दार उघडलं. चष्मा लावलेली एक बाई बाहेर आली आणि तिच्याकडे बघतच राहिली. "तुम्ही त्या इस्त्रीच्या फिल्मवाल्या मुलीच्या आई ना? आवाज ओळखला मी. आत या."

आत मुलगी मान खाली घालून बसली होती. बाई म्हणाल्या, "आमचा नियम आहे. फिल्ममध्ये ज्याचा चेहरा किंवा आवाज आहे, त्याची संमती लागते. वडिलांची आहे, पण ही म्हणते, आईला विचारलेलं नाही. तुम्ही नाही म्हणालात तर फिल्म बाद होईल. फिल्म बाद म्हणजे प्रवेशही नाही. तेव्हा आधी बघा."

त्यांनी दिवे घालवले.

भिंतभर नवऱ्याचा चेहरा. वीस वर्षं तिच्या पाठीमागे होता तो. इस्त्री फिरत होती, वाफ येत होती, आणि कुठूनसा एक आवाज आला, "अहो, कॉलर बघा ती!" नवऱ्यानं डोळे मिटले. खांदे वर गेले, डोक्यावर काहीतरी पडणार असल्यासारखे. मग डोळे उघडून तो इस्त्री करू लागला. पुन्हा आवाज. पुन्हा डोळे. फिल्मभर हेच. एकदा ती गिऱ्हाइकावर ओरडत होती, नवऱ्याचा काही संबंध नव्हता. तरी त्यानं डोळे मिटले.

दिवे लागले. टेबलामागचा एक पुरुष कौतुकानं हसला. "आवाज काय जिवंत आलाय हो! अशी नटी शोधून मिळायची नाही."

"हसू नका," ती म्हणाली. "तुमचा आवाज कसा येतो, ते घरी जाऊन बायकोला विचारा."

ती मुलीकडे वळली. "मला का नाही विचारलंस?"

"तू ओरडली असतीस."

नाही म्हणावं, असं तिला फार वाटलं. इतक्या परक्या लोकांपुढे पोटच्या पोरीनं उघडं पाडलं होतं. एक शब्द, की ती भिंत कायमची कोरी झाली असती. आणि पोर उद्यापासून काउंटरवर उभी राहिली असती.

"घ्या," ती बाईंना म्हणाली. "दिली संमती. पण माझी धिंड काढून वर नकार कळवाल, तर याद राखा."

रस्त्यावर आल्यावर मुलगी हळूच म्हणाली, "आई, थँक्यू."

"थँक्यू त्या चष्मेवालीला म्हण. माझंच खाऊन माझ्यावरच पाळत?"

"तुझ्यावर नव्हती. मी बाबांकडे बघत होते."

"बोलू नकोस माझ्याशी. जागा मिळाली की हॉस्टेलला जा. माझ्या डोळ्यांसमोर नको."

"जाणारच आहे," मुलगी म्हणाली. दोघी घरापर्यंत एकमेकींशी बोलल्या नाहीत. नंतरही जेवायला ये, दार लाव, एवढंच.

निकाल कळला तेव्हा मुलगी दुकानात नव्हती. कारकुनानं आपणहून फोन केला. "बाई, तुमच्या मुलीचं नाव लागलं. आता तरी फोन करू नका."

तिनं फोन ठेवला. समोर एक गिऱ्हाईक पावती धरून उभं होतं, त्याला हातानंच थांब म्हणाली. रागाचं काय, तो मुलीवर होता, आणि तो राहणारच होता. पण आनंद पोटात मावत नव्हता, आणि सांगायला एकच माणूस होता. ती वळली, अख्खी वळली, काउंटरकडे पाठ करून. नवरा उशीच्या अभ्र्याच्या घड्या घालत होता. तिनं घसा साफ केला, आणि आयुष्यात काढला नव्हता इतका मऊ आवाज काढून म्हणाली, "अहो..."

नवऱ्यानं डोळे मिटले.