गल्लीचा दावा आणि दोन स्टूल

कोर्टात फायली साचतात तसे किस्सेही साचतात. फरक एवढाच, की किश्शांना तारीख लागत नाही. चहा आला की ते आपोआप सुनावणीला निघतात! माझे सगळे किस्से एकाच दाव्यातले. वादी वामन, प्रतिवादी मी. जाम गावच्या चौकात त्याचं कापडाचं दुकान, माझं हार्डवेअरचं, मधे तीन फुटांची गल्ली. माझ्या पत्र्याचं पाणी त्याच्या भिंतीवर पडतं, म्हणून दावा. सात वर्षं झाली.

त्या गल्लीत दोन स्टूल असायचे, आमच्या दुपारच्या चहाचे. कोर्टाने ‘जैसे थे’चा हुकूम दिला. म्हणजे निकाल लागेपर्यंत गल्लीत कुणी काही बदलायचं नाही. माझा वकील म्हणाला, "आधी ते स्टूल उचला. उद्या म्हणतील, अतिक्रमण केलं!" ‘जैसे थे’च्या पहिल्याच दिवशी स्टूल गेले!

मग मी कायद्याची पुस्तकं आणली. शाळा नववीपर्यंतच; पण दिवाणी काय, फौजदारी काय, अपील कुठून कुठे जातं, सगळं काउंटरवर बसून वाचून काढलं. एकदा वकिलालाच कलम सांगितलं. तो हात जोडून म्हणाला, "शेटजी, मी कधी तुमच्या दुकानात येऊन खिळे मोजतो काय?"

वादी-प्रतिवादीने एकमेकांशी बोलू नये, असं मात्र कुठल्याच कलमात सापडलं नाही. वामनला ते त्याच्या वकिलाने बजावलं होतं. दसऱ्याला मी सोनं घेऊन त्याच्या पायरीवर गेलो.

"घे गा वामन."

त्याने मान वर केली नाही. कापड मोजता मोजता म्हणाला, "वकिलामार्फत पाठव!"

गिऱ्हाईक हसलं. मीही हसलो. आपट्याची पानं खिशातच सुकली.

उलटतपासाचा दिवस तर विसरणं शक्य नाही. वामनच्या दाव्यात लिहिलं होतं, ‘प्रतिवादी भांडखोर स्वभावाचा आहे.’ माझ्या वकिलाने त्याला विचारलं, "हे खरं आहे?"

"नाई साहेब."

"मग दाव्यात कसं आलं?"

"ते वकिलानं लिहिलं. आता मी शपथ घेऊन बोलून राह्यलो!"

त्याच्या वकिलाने कपाळाला हात लावला. न्यायाधीशसाहेब चष्मा पुसत बसले. मी वामनकडे बघितलं. तो पंख्याकडे बघत होता.

अन् हा मागच्या हिवाळ्यातला. शिपायाने दारात उभं राहून वामनचं नाव तीनदा पुकारलं. वामन नाही. त्याचा वकील वर्ध्याला दुसऱ्या केसमध्ये अडकलेला. माझा वकील कानाशी आला, "वादी गैरहजर! दावा खारीज करून मागतो. जिंकलो शेटजी!"

चार दिवस बाजूचं शटर बंद होतं. काऊन, ते मला माहीत होतं. मीच उठून उभा राहिलो.

"साहेब, तो सेवाग्रामले दवाखान्यात भरती आहे. त्याले तारीख द्या."

साहेबांनी माझ्याकडे बघितलं, मग फाईलकडे, आणि तारीख दिली. माझा वकील दोन दिवस फोन उचलत नव्हता!

कोर्टातून सरळ सेवाग्राम गाठलं. वामन खाटेवर उशीला टेकून बसला होता. अर्धा झाला होता.

"काऊन आला गा?"

"तारीख सांगाले."

"वकिलाले इचारलं काय?"

"नाई."

त्याने पाय आखडून खाटेवर जागा केली.

"मंग बस."