आसियाबाईंचं कपाट

आसिया मजगावकर रत्नागिरीतल्या एका हायस्कुलात गणित शिकवत. २००१ साली त्यांनी रहस्यकादंबरी लिहिली, 'लादीतला माणूस'. मिरजोळ्याच्या एमआयडीसीत बर्फाच्या लादीत मॅनेजरचं प्रेत सापडतं आणि खुनी शेवटच्या पानापर्यंत हाती लागत नाही. बाईंची इच्छा एवढीच, की वाचणाऱ्याने जेवायचं विसरावं.

आमच्या वाचनालयात पुस्तक आलं. ग्रंथपाल लवू शिवलकरांनी त्यावरचं लेखिकेचं नाव वाचलं. तेवढंच वाचलं. मग 'मुस्लिम मराठी साहित्य' अशी पट्टी चिकटवून कोपऱ्यातल्या कपाटात टाकलं. शेजारी हजयात्रेची माहिती आणि एक सूफी संतचरित्र. त्या कपाटाकडे कुत्रं फिरकत नसे.

बाई तडक आल्या. "लवूभाऊ, यात खून आहे. रहस्यकथांत ठेवा."

"काय ओ बाई, तुमचा मान म्हणून वेगळं कपाट दिलंय. तिकडे गर्दीत कशाला?"

"मला गर्दीच हवी आहे. मेलेला परांजपे, फौजदार सावंत. यात माझा धर्म कुठे आला?"

"लिहिलंय तुम्ही ना?" लवूभाऊ म्हणाले आणि चहाला गेले.

दोन वर्षांत ज्या पुस्तकावर तारखेचा शिक्का पडत नाही, ते रद्दीत घालायचा आमच्याकडे नियम. बाई धास्तावल्या. सभासद झाल्या आणि दर पंधरवड्याला स्वतःचंच पुस्तक घरी न्यायला लागल्या. मला तेव्हा हसू यायचं. आता लाज वाटते.

ते शिक्के पाहून कार्यकारिणीने ठराव केला: मुस्लिम साहित्याला वाढती मागणी आहे, सबब मोठं कपाट घ्यावं. काचेचं घेतलं. फीत कापायला अर्थातच आसियाबाई. अध्यक्ष पुस्तक हातात धरून 'समाजातील स्त्रीची घुसमट' यावर पाऊण तास बोलले.

बाईंनी शांतपणे विचारलं, "यातला खुनी कोण, सांगाल?"

अध्यक्षांनी डोळे मिटले. "समाज."

टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या.

बाई माझ्याकडे वळल्या. "भिकाजीराव, तुम्ही आठवड्याला तीन रहस्यकथा नेता. तुम्ही तरी वाचलंत?"

"त्या कपाटाकडे माझं जाणं होत नाही," मी म्हणालो. तेव्हा मी कपाटाला टेकूनच उभा होतो.