नेट चालू, फोन बंद

ऑफिसातल्या मोडक्या खुर्च्या आणि ऑफिसातले किस्से, दोन्ही सारखेच. फेकवत नाहीत, साठत जातात. अन् कुणी टेकलं की एकेक करकरायला लागतो! बाभुळगावकडच्या ऑफिसातले आम्ही चौघं आजही भेटलो की हेच होतं.

गुलाबी बोंडअळीनं कापूस पोखरून काढला, त्या वर्षांतली गोष्ट. आम्ही शेतीखात्यातले. राऊतसाहेब आमचे वरिष्ठ, मी आणि वंदनाताई कृषी सहायक, आणि जीप चालवणारे पुंडलिकभाऊ. वरून हुकूम आला, अळीचे फोटो रोज व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा. आम्ही हौसेनं स्मार्टफोन घेतले. पण आमच्याकडचं नेटवर्क असं, की नेट चालू असलं की फोन लागायचाच नाही. पलीकडच्याला बाई सांगायची, 'संपर्क क्षेत्राच्या बाहेर.' आणि आपल्याला पत्ताच नाही!

* * *

हे कळलं कसं, तर एकदा जिल्ह्याचे साहेब महत्त्वाचा फोन करणार होते. राऊतसाहेब सकाळपासून फोन हातात धरून बसलेले. जेवायलाही उठले नाहीत. आम्हाला तर खोकायचीही चोरी!

दुपारी समोरचा चहावाला धावत आला. त्याच्या टपरीत जुना लँडलाइन होता.

"साहेब, चाला लवकर! जिल्ह्याचे साहेब माह्या टपरीवर तुमची वाट पाहून राह्यले!"

* * *

मग राऊतसाहेबांनी बोलण्यासाठी वेगळा, साधा बटनवाला फोन घेतला. "आता कोणाचाच फोन चुकणार नाही," म्हणत तो टेबलावर मधोमध ठेवला, देवासारखा.

थोड्या वेळानं तो वाजलाच! साहेबांनी कॉलर नीट करून उचलला. पलीकडून जिल्ह्याचे साहेब कडाडले, "राऊत, तुम्ही व्हॉट्सअ‍ॅप पाहत नाही काय?"

* * *

पुंडलिकभाऊंना मात्र ही अडचण भलतीच आवडली. बाजारातून हे आणा, ते आणा असे घरचे फोन बंद! जीपमध्ये बसलं की पहिलं काम, नेट चालू. वर आम्हाला सांगायचे, "ड्युटी हाये ना बाप्पा, नेट तर ठेवाच लागते."

एक दिवस दारव्ह्याच्या बाजारात जीप थांबवली, तर समोर वहिनी! माहेरी आल्या होत्या. हातात दोन भरलेल्या थैल्या.

भाऊ गडबडून म्हणाले, "अवं, फोन तरी कराचा!"

"कायले? जीप दिसते न मले," वहिनी म्हणाल्या आणि दोन्ही थैल्या त्यांच्या मांडीवर ठेवल्या.

* * *

वंदनाताईंचं काय सांगू! भर उन्हात ओळीओळीनं बोंडं फोडून पाहणारी बाई. शेतकरी वैतागून बोलला तरी ऐकून घ्यायच्या आणि म्हणायच्या, "बोलून झालं? आता चाल, दुसरी ओळ पाहू."

त्यांच्या लेकीला पाहायला वणीकडचे पाहुणे यायचे होते. कार्यक्रम रविवारचा. पाहुण्यांना अचानक एक दिवस आधीच यावं लागलं. फोन करकरून थकले, ताई फोटो पाठवण्यात दंग! शेवटी ते तसेच घरी येऊन पोचले.

ताई संध्याकाळी परतल्या, तर अंगणात पाहुणे. ताईंच्या साडीला चिखल आणि पिशवीत किडकी बोंडं. दुसरी कुणी रडली असती. ताई म्हणाल्या, "बसा, हात धुऊन येतो."

पण मुलाच्या बापाची नजर पिशवीवर. त्यांचाही कापूसच! "आमच्याकडंबी अशीच अळी हाये हो," म्हणत त्यांनी एक बोंड उचललं. ताईंनी ते तिथंच फोडलं. पतंग पकडायचे सापळे कसे लावायचे, कपाशीची उभी पऱ्हाटी कधी उपटायची, सगळं निघालं. चहा झाला, पोहे झाले, पाहुणे समाधानानं उठले. फाटकापाशी मुलाचा बाप एकदम थबकला.

"अरे! पोरगी पाहाची तर राहूनच गेली!"

पुढं लेकीचं लग्न त्याच मुलाशी झालं. छान चाललंय दोघांचं.

* * *

आता शेवटचा किस्सा.

ताईंच्या भागातल्या एका गावात शोभा आणि गजानन हे जोडपं राहायचं. त्या दिवशी गजानन कपाशीवर औषध फवारत होता. वारा फिरला आणि सगळं औषध अंगावर आलं. त्याला गरगरलं, ओकाऱ्या झाल्या आणि तो बांधावर पडला. आसपास शोभाशिवाय चिटपाखरू नाही. शोभानं जेवणाच्या डब्याच्या पिशवीतून त्याचा फोन काढला आणि ताईंना लावला. 'संपर्क क्षेत्राच्या बाहेर.' पुन्हा लावला. तेच.

आम्ही तेव्हा जीप घेऊन पलीकडच्याच गावात होतो. ताई फोटो पाठवत होत्या. एवढ्यात त्यांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर शोभाचा आवाज आला, रेकॉर्ड केलेला.

"ताई, मी शोभा. हे पडले वं! फवारून राह्यले होते. डोळे फिरवून राह्यले!"

ताईंचा आवाज हलला नाही. त्यांनीही लगेच बोलून पाठवलं, "शोभा, पहिले त्याचे कपडे काढ. अंगावर पाणी ओत, साबण असन तर लाव. ओकारी काढाले लावू नको. कुशीवर निजव. औषधाचा डबा सांभाळून ठेव. आम्ही निघालो."

पुंडलिकभाऊंनी जीप अशी हाणली की मी दोन्ही हातांनी दांडा धरून बसलो. वाटेत पुन्हा शोभाचा आवाज, "धुतलं ताई. श्वास चालू हाये." ताई दर वेळी एकच बोलत होत्या, "आलो बाई, आलो."

गजाननला जीपमध्ये घालून यवतमाळच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी आधी औषधाचा डबा पाहिला आणि मग धावपळ सुरू झाली. काही दिवसांनी गजानन उठून बसला. "अंग लगेच धुतलं, फार बरं झालं," डॉक्टर म्हणाले.

राऊतसाहेब भेटायला आले. शोभा खाटेशी बसून मोसंबी सोलत होती. साहेबांनी विचारलं, "बाई, तुम्हाला व्हॉट्सअ‍ॅपवर बोलायचं सुचलं कसं?"

शोभानं वरही पाहिलं नाही. म्हणाली, "फोन लागला नाही न. म्हटलं, ताई नेटवर हाये. मंग मीबी नेटवर गेली!"