मऊ स्पंजचं रबर

गेल्या वर्षीच्या चिकुनगुनियाने माझ्या उजव्या हाताची बोटं धरली ती धरलीच. ताप आठवड्यात गेला, पण पुढे कित्येक महिने सकाळी मूठ मिटायची नाही. वर्गात खडू निम्म्या वाक्यात गळून पडायचा आणि मुली काही न बोलता तो उचलून द्यायच्या. त्यांच्या या शहाणपणाचाच मला राग यायचा. पण खरी भीती वेगळी होती. मोखाड्याकडच्या आमच्या आश्रमशाळेत रोज संध्याकाळी टेबल टेनिस खेळायचं, हा माझा बारा वर्षांचा नेम. तो सुटला की आपण कायमच्या आजारी बाई झालो, असं मी मनाशी धरून बसले होते.

त्यामुळे जव्हारला आश्रमशाळांच्या कर्मचाऱ्यांच्या स्पर्धा ठरल्या तेव्हा हट्टाने दुहेरीत नाव दिलं. जोडीदारीण नेहमीचीच, आमच्या स्वयंपाकघरातली ताई. माझ्याहून दहा वर्षांनी लहान, खोडाळ्याजवळच्या पाड्यावरची. शाळेत कामाला लागेपर्यंत तिने बॅट पाहिलीही नव्हती. आता तिचा फोरहँड आला की समोरचा माणूस बाजूला होतो.

मग बॅटवर चिकटवायचं नवं रबर निवडायला बसले. जुनं फार वेगवान होतं, चेंडू आदळला की झिणझिण्या थेट कोपरापर्यंत जायच्या. अख्खा रविवार फोनवर घालवला. कुणी म्हणे चिकट घ्या, कुणी म्हणे पातळ स्पंजचं घ्या. शेवटी सगळ्यांत मऊ स्पंजचं मागवलं. पार्सल आल्यावर जुनं सोलून काढलं, गोंद लावून वाळू दिला आणि ताईने लाटण्याने नवं रबर इतकं बेताने दाबत नेलं की आत बुडबुडा म्हणून राहिला नाही. कडेचं जास्तीचं मी ब्लेडने कापलं, तेही वाकडं.

पहिल्याच संध्याकाळी कमाल झाली. एक झिणझिणी आली असेल तर शपथ! तीन आठवडे आम्ही रोज खेळलो आणि शिक्षकांच्या खोलीत मी त्या रबराचं इतकं कौतुक केलं की गणिताच्या सरांनी विचारलं, कंपनीकडून कमिशन मिळतं का म्हणून.

स्पर्धेच्या दिवशी हॉलच्या कोपऱ्यात बसून मी थर्मासमधलं गरम पाणी मगात ओतून बोटं शेकत होते, मनगटं फिरवत होते. ताई सरावाच्या टेबलावर दुसऱ्या एका शाळेच्या बाईंबरोबर हात मोकळा करत होती. फटक्यांचा आवाज आला म्हणून मी मान वर केली. असा फटका तीन आठवड्यांत एकदाही माझ्याकडे आला नव्हता. त्या बाई पाणी प्यायला गेल्या तशी मी बॅट घेऊन टेबलाशी जाऊन उभी राहिले.

"ताई, इतके दिवस मला कसले चेंडू देत होतीस?"

ती खाली बघत म्हणाली, "सावकास देत व्हते, बाई. तुमचा हात दुखंल म्हनून."

"म्हणजे ही सगळी रबराची जादू नव्हतीच!" मी भडकले. "मार आता. नेहमीसारखा मार."

"नको ना, बाई."

"मार म्हणते ना!"

पहिला चेंडू कानाजवळून निघून गेला. दुसरा बॅटवर बसला आणि बॅट बोटांत फिरली. संपलं, असं वाटलं. तिसरा सरळ अंगावर आला. विचार करायला वेळच नव्हता. हात आपोआप पुढे गेला आणि चेंडू पलीकडच्या कोपऱ्यात पडला. झिणझिण्या कोपरापर्यंत आल्या, अगदी पूर्वीसारख्या. पण बॅट मुठीत होती. चौथ्याला होती, पाचव्यालाही होती. मला इतकं हलकं वाटलं की मी गुडघ्यांवर हात ठेवून तिथेच हसत सुटले, आणि हसता हसता डोळे भरून आले.

ताईने ओढणीने तोंड पुसलं. तेवढ्यात आमची नावं पुकारली.

"तीन आटवडे मी भीत भीत खेलले, बाई," चालता चालता ती म्हणाली. "येक चेंडू जोरात बसला आनि तुमी बॅट खाली ठेवली असती, तर मी कोनासंगं खेलले असते?"