जनरलचे गुलाब

नॉटिंगहॅमहून निघालो तेव्हा पाऊस भुरभुरत होता. गाडी आमच्या ओळखीच्या डॉ. कानिटकर काकांची. त्यांच्या शेजारी माझ्या घरमालकीण मिसेस लॉरेन्स, मागे मी. मी तिथं शिकत होतो; आमच्या घरातून कॉलेजात गेलेला पहिलाच. महायुद्धाबद्दल पाठ्यपुस्तकापलीकडे मला काही ठाऊक नव्हतं. बाईंनी मला का बोलावलं, हे विचारायचा धीर होत नव्हता.

एका ले-बायमध्ये (रस्त्याकडेला गाडी थांबवायची जागा) चहा पिताना त्यांनीच सांगितलं. त्या मूळच्या बर्लिनच्या, ज्यू. आईवडील तिकडेच मारले गेले. युद्धात पकडलेल्या जर्मन जनरलांना इंग्रजांनी एका जमीनदाराच्या बंगल्यात ठेवलं होतं, आणि भिंतींत मायक्रोफोन लपवले होते. बाई तळघरात हेडफोन लावून बसत. महत्त्वाचं बोलणं निघालं की ते तबकडीवर उतरवून घेत.

"एकाचा आवाज कित्येक महिने ऐकला. चेहरा कधीच पाहिला नाही. त्यानं रशियातल्या एका गावाचं सांगितलं. पण तबकडी कोर्टात वाजवली असती, तर मायक्रोफोनचं गुपित फुटलं असतं. तो सुटून घरी गेला. आम्हाला गप्प राहायची शपथ होती. आता ती उठलीय. मला ते त्याच खोलीत बोलायचंय. कुणीतरी तरुण ऐकायला हवं."

उतरताना काका मला म्हणाले, "अरे, त्यांच्या जवळच राहा हं. बीपी हाय आहे. काही झालं तर मला हाक मार."

बंगल्यापुढे गुलाबांचे ताटवे होते. लाल गालांचा म्हातारा गाइड आम्हा सात-आठ जणांना वर घेऊन गेला. भिंतीवर एका जनरलचा फोटो होता, खाली नाव.

"दोन्ही महायुद्धं लढलेला. रशियानंतर आफ्रिकेत गेला, तिथं पकडला गेला, पण रुबाब सोडला नाही. आमचे पहारेकरी त्याला सलाम ठोकायचे, बूट पुसायला त्याचा स्वतःचा शिपाई होता. खाली गुलाब पाहिलेत ना? त्यानंच लावले. फार सभ्य माणूस."

बाई फोटोखालचं नाव वाचून त्या चेहऱ्याकडे बघत होत्या. मग बोलू लागल्या.

"इथं, याच शेकोटीपाशी, तो म्हणाला होता..."

"मॅडम, प्रश्न शेवटी घेऊ या."

"हा प्रश्न नाही. तो म्हणाला, सगळं गाव खड्ड्याच्या काठावर उभं केलं. मुलं धरून. हुकूम माझाच होता. दुपारपर्यंत आटोपलं."

त्यांचा आवाज चढला नाही. कुणीतरी छत्री उगाच या हातातून त्या हातात घेतली. गाइड पुढच्या खोलीकडे वळला; त्याच्यामागून बाकीचेही गेले.

आम्ही गाडीत बसलो, तेवढ्यात गाइड पावसातून धापा टाकत आला. काच खाली करायची खूण केली.

"मॅडम, त्यानंतर तो काय म्हणाला?"

"त्यानं विचारलं, आज पुडिंग कसलं आहे?"

गाइड तसाच भिजत उभा राहिला.

घरी आल्यावर बाईंनी नेहमीसारखं किटलीत पाणी ठेवलं आणि दोन कप मांडले.

त्यांनी सांगितलं ते मी जसंच्या तसं लिहिलं आहे. त्या गुलाबांचं काय लिहावं, ते मात्र अजून कळत नाही. पावसात ते खरोखरच सुंदर दिसत होते.