एक थांबा पुरे होता

दाराला कुलूप लावलं की ते चारदा ओढून बघायची खोड नंदाच्या आईला, द्रौपदीबाईंना होती. भांडुपच्या घराबाहेर नंदा रोज चरफडत उभी राहायची. आणि अंधेरीच्या ऑफिसात पोचावं, तर तिथे सामंतसाहेबांची तीच तऱ्हा.

साल १९८८. कंपनी दोन प्रोसेसरांचा कॉम्प्युटर बांधत होती. मेमरी एक, लिहिणारे दोघे. लिहिलेलं प्रोसेसर थोडा वेळ स्वतःजवळ ठेवी. मग कधी ‘माल तयार’ हा निरोप पुढे जाई आणि माल मागे राही. म्हणून ‘आधीचं सगळं पोचू दे, मग हल’ अशी एक आज्ञा होती. ऑफिसात तिला थांबा म्हणत. मशीन एकदा बंद पडलं आणि साहेबांनी धसका घेतला. कर्नलमध्ये, म्हणजे मशीनचा कारभार हाकणाऱ्या प्रोग्राममध्ये, हात पोचेल तिथे थांबे पेरले. एका वेळी एकालाच आत सोडणारं कुलूप प्रोग्राममध्ये होतं, त्या कुलपातच थांबा होता. तरी आत पुन्हा थांबे. मशीन रखडायला लागलं. शुक्रवारी गिऱ्हाईक बघायला येणार होतं, आणि हे नापास झालं तर नंदाची दोन वर्षं पाण्यात.

तिने कुलपांचे स्वतःचे थांबे ठेवले, आत पेरलेले जादा थांबे काढले. मशीन पळायला लागलं. दुपारी बंद पडलं.

“वाट लावलीस ना?” म्हणत साहेबांनी सगळे थांबे परत घातले.

नंदाचं डोकं फिरलं. पण ती शोधत बसली आणि चूक सापडली. डिस्कच्या भागात कुलूपही नव्हतं, थांबाही नव्हता. मशीन रखडत होतं तोवर ते झाकून राहिलं, एवढंच.

“साहेब, इथे एक घाला. बाकीचे काढा.”

साहेबांनी तो एक घातला. बाकीचे काढले नाहीत.

“एक राहिला होता, म्हणजे आणखीही राहिले असतील. असू दे गं, आपलं काय जातंय?”

काय जातंय ते शुक्रवारी कळलं. गिऱ्हाइकाने चहा घेतला, पडद्याकडे बघत बसून राहिलं आणि दुसरीकडे बघतो म्हणून निघून गेलं.

“पण बंद पडलं नाही ना?” साहेब म्हणाले. त्यांना खरंच बरं वाटत होतं. नंदाला रडू आलं, तेही रागाचं.

मशीन कोपऱ्यात गेलं, वर प्लॅस्टिकचं कव्हर चढलं. त्यानंतर ते कधीच बंद पडलं नाही. कोणी चालूच केलं नाही.